पोपटीचं मडकं आणि डालड्याचा डबा : चौलच्या खापर-दिवसाच्या नोंदी

२९ डिसेंबर, रविवार

नाताळच्या सुट्टीत नणंदेची पोरं ठाण्याहून आलीयेत. काल संध्याकाळी वाडीत पाणी लावताना धाकट्याला पोफळीच्या आळ्यात निळ्या नक्षीचं एक खापर मिळालं, बोटाच्या पेराएवढं, त्याने ते चड्डीला पुसलं आणि विचारलं मामी हे कुणाच्या कपाचं. मी म्हटलं चीनमधून जहाजाने आलेल्या वाडग्याचं असेल, काही शे वर्षांपूर्वीचं. तर तो म्हणे म्हणजे चायना मालच ना.

मग सासूबाईंनी माळ्यावरून डालड्याचा डबा काढायला लावला. सासऱ्यांना वाडी खणताना जे जे मिळायचं ते या डब्यात जायचं, खापरं, बांगड्यांचे तुकडे, एक भोक पडलेला लाल मणी. पन्नासेक तरी तुकडे असतील. मी लग्न होऊन आले तेव्हापासून डबा बघतेय, पण आत हात घालून नीट कधी बघितलं नव्हतं, हे कबूल करते.

रात्री ओट्यावर गप्पा मारता मारता ठरलं की एक अख्खा दिवस या खापरांचा करायचा. घरच्या घरी, पण ओळखीच्यांना बोलवून, आणि पोरांना सोडून आईबाप गाडीत मोबाईल बघत बसलेत असं चालणार नाही, सगळ्यांनी माती कालवायची. सकाळी रेवदंड्याचा किल्ला, दुपारी आमच्या वाडीत मातीकाम आणि खोटं खोटं उत्खनन, जेवायला पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, अंडी वगैरे. पोपटी म्हटल्यावर घरातल्या पुरुषांनीही उत्साह दाखवला. तारीख फेब्रुवारीतली, कारण नंतर वालाच्या शेंगा जून होतात.

४ जानेवारी, शनिवार

पुण्याच्या मैत्रिणीला फोन. ही कॉलेजात माझ्याच बाकावर होती, पुढे पुरातत्त्व शिकली आणि तेव्हापासून खापरांतच असते. तिचा पहिलाच प्रश्न, खणणार कुठे? मी म्हटलं वाडीच्या कोपऱ्यात, मोकळी जागा आहे ना. फोनवरच ओरडली. चौल म्हणजे जुनं बंदर, कुठेही खणलं तरी काहीतरी निघतं बाई, आणि एकदा ढवळलेला थर परत लावता येत नाही, तुझी वीस पोरं तासाभरात दोन हजार वर्षांची भेळ करून ठेवतील. खोकी आण, खोक्यात भर, खोक्यातच खणा. आणि किल्ला संरक्षित आहे, तिथे फिरा, बघा, फोटो काढा, पण कुदळ, फावडं, चाक, भट्टी काही न्यायचं नाही आणि एकही तुकडा कुणाच्या खिशात जाता कामा नये.

तरी नुसतं फिरायलाही काही पत्र लागतं का म्हणून एका ऑफिसात दोन चकरा मारल्या, दोन्ही वेळा साहेब साईटवर. शेवटी तिथल्या शिपायानेच सांगितलं की बघायला जायला कसली परवानगी, फक्त कचरा करू नका.

मैत्रिणीने फोनवर चौलची जी यादी सांगितली ती लिहून ठेवते, फिरताना सांगायला लागेल. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक व्यापारी पुस्तकात आपलं चौल सेमिला नावाने आहे, भूगोलकार टॉलेमीकडे सिमिला. कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखात चेमुला. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी इथे येऊन गेला, तो सैमूर म्हणतो. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथे उतरला, बरोबर विकायला एक घोडा, आणि तो घोडा पुढे जुन्नरला तिथल्या सरदाराने काढून घेतला. निकितिनचं स्मारक २००२ मध्ये रेवदंड्यात झालंय, आपण रोज त्याच्या बाजूने भाजी आणायला जातो. आणि डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांच्या टीमने चौलला रीतसर उत्खनन केलेलं आहे, म्हणजे आमच्या डब्यातल्या तुकड्यांचे भाऊबंद पुण्यात नंबर घालून पिशव्यांत बसलेत.

११ जानेवारी, शनिवार

कुंभारकाकांकडे गेले. चुकीच्या दिवशी. तीन दिवसांवर संक्रांत, अंगणभर सुगडं, पाय ठेवायला जागा नाही. काका मान वर न करता म्हणाले, ताई संक्रांत होऊद्या, मंग या, आता देवाला पन वेळ नाय.

बसले तशीच अर्धा तास. आता चाक मोटरवर आहे, जुनं दगडी चाक भिंतीला टेकवून ठेवलंय, त्याच्यावर कोंबडी बसली होती. बोटं आत बाहेर, सुगड वर येतं, ओठ वळतो, आणि मग दोरा. दोन बोटांत धरलेला साधा दोरा फिरत्या चाकावर सुगडाच्या बुडाखालून सर्रकन ओढतात की ते सुटं होतं. एक उलटं करून दाखवलं तर बुडावर शिंपल्यासारख्या बारीक गोल रेषा, एका बाजूला जवळ जवळ, दुसऱ्या बाजूला फाकलेल्या. इतकी वर्षं पणत्या लावतेय, पणतीचं बूड कधी बघितलं नव्हतं.

घरी येऊन डबा उपसला. एका तांबड्या तुकड्याच्या खाली त्याच रेषा. आत बोटांचे वळसे. मी माझं बोट त्या वळशात ठेवून बघितलं, बसत नाही, तो माणूस जाड बोटांचा होता.

१९ जानेवारी, रविवार

माती. हे प्रकरण मला वाटलं होतं तितकं सोपं नाही. मी म्हटलं होतं खाडीकडची चिकण माती घेऊ, फुकट आहे, पायाला चिकटते म्हणजे मडक्यालाही चालेल. काकांनी बोटावर घेऊन जिभेला लावली आणि थुंकले. खारी हाय. खारी माती वाळताना मीठ वर येतं, भाजल्यावर मडक्याला पांढरे डाग आणि वर पापुद्रे. आणि आपला जांभा तर कुंभाराच्या कामाचा नाहीच, तो घर बांधायला.

गोड्या पाण्याच्या भातखाचरातली काळपट माती लागते. ती सुकवून फोडायची, खडे वेचायचे, पाण्यात भिजत घालायची, गाळायची, मग राख आणि बारीक वाळू मिसळून पायाने तुडवायची. राख आणि वाळू कशाला, तर नुसती चिकण माती वाळताना आकसून तडकते, मध्ये काहीतरी खरबरीत असलं की पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. मैत्रीण म्हणते खापराची कड भिंगाखाली बघितली की हेच दिसतं, वाळू, तूस जळून गेल्याची भोकं, शंखाचा चुरा, त्यावरून मडकं इथलं की बाहेरचं याचा अंदाज लागतो.

सहा गोण्या ठरल्या. पैसे ठरवायला काका तयार नाहीत, द्याल ते द्या म्हणतात, हे मला सगळ्यात अवघड जातं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलेली आळीतली पोरं तशीच पांढऱ्या गणवेशात मातीत. आयांचे फोन आले. असो. रंगीत तालीम म्हणून बावीस नग झाले, बोळकी, पणत्या, एक हत्ती जो सगळ्यांच्या मते डुक्कर आहे.

इंटरनेटवर वाचून मी सगळ्यांना सांगत होते की मातीत हवेचा बुडबुडा राहिला की भट्टीत मडकं फुटतं. काका हसले. बुडबुड्याने नाय फुटत, पान्यानं फुटतं. आत ओल राहिली आणि जाळ एकदम वाढला की पाण्याची वाफ होते, वाफेला जागा लागते, ती मिळाली नाही की फटाका. त्यामुळे सावलीत वाळवायचं, उन्हात नाही, आणि घाई करायची नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

माघी गणपती. काही काम नाही. मोदक झाले.

८ फेब्रुवारी, शनिवार

उत्खननाची खोकी. सुताराने लाकडी पेट्यांचा जो आकडा सांगितला त्यात मी एक कपाट घेईन, म्हणून जेटीवरून मासळीचे चार जुने प्लास्टिक क्रेट आणले, फिनेलने तीनदा धुतले, आत प्लास्टिकचा कागद. थर असे: तळाला जांभ्याचा लाल चुरा, वर काळी माती, मग शिंपल्यांचा पट्टा, सगळ्यात वर वाळू. वाळू समुद्रावरची नाही घेतली, शेजारी घर बांधतायत त्यांची उरलेली मागून आणली, किनाऱ्यावरची उचलून पोरांना काय शिकवणार आपण.

वस्तूंचा हिशोब मैत्रिणीने पाठवला. लाल थरात आम्हीच बनवलेल्या बोळक्यांचे तुकडे. काळ्या थरात मंगलोरी कौलाचा तुकडा आणि फुटका बरणीचा कान. वरच्या वाळूत टूथब्रश, गोळीचं पाकीट, एक रुपयाचं नाणं. खरी जुनी खापरं खोक्यात पुरायची नाहीत, हे तिने दोनदा लिहिलंय, एकदा ठळक अक्षरात. कारण दिवस संपल्यावर माती वाडीतच टाकणार, आणि उद्या खरं कुणी संशोधक आला तर त्याला आमची गंमत इतिहास म्हणून मिळेल.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन दुर्घटना.

सकाळी बघते तर चारही क्रेट उपसलेले. मांजरांनी. मासळीचा वास आपल्याला गेला तरी त्यांना जात नाही, शिवाय वरती छान कोरडी वाळू, म्हणजे मांजराच्या दृष्टीने हे आम्ही खास त्यांच्यासाठी बांधलेलं. दोन थर टाकून द्यावे लागले. आता रात्री वरून जाळी आणि जाळीवर वरवंटा.

दुसरी. तालमीचे बावीस नग भाजायला घेतले. काकांनी सांगितलं होतं अजून चार दिवस थांबा, पण आज रविवार, सगळे मोकळे, आणि हाताला कोरडे लागत होते. पडवीत ठेवले होते आणि रात्री दव किती पडतंय हे विसरले. खाली नारळाची सोडणं आणि शेणी, मध्ये नग, वर पेंढा आणि सुक्या झावळ्या, आग लावली. सात-आठ मिनिटं शांत. मग आतून ठप्प. मग ठप्प ठप्प. पोरं नाचायला लागली, सासूबाई आतून विचारतायत कुणी फटाके लावले. बावीसातले नऊ गेले, हत्तीचं डोकं तुळशीपर्यंत उडालं.

काका संध्याकाळी आले, राखेत काठी फिरवली, काही बोलले नाहीत. ते न बोलणं जास्त लागलं. मग एक पणती उचलून दाखवली, अर्धी लाल, अर्धी काळी. राखेत रुतलेल्या बाजूला वारा नाही मिळाला, ती काळी, वरच्या बाजूला मिळाला, ती लाल. मातीतल्या लोहाचा खेळ आहे हा, हवा मिळाली तर तांबडं, कोंडलं तर काळं. मैत्रिणीला फोटो पाठवला तर तिचं उत्तर, महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या वस्त्यांत आत काळी, बाहेर तांबडी खापरं मिळतात, ती त्या लोकांनी मुद्दाम केलेली, तू चुकून केलीस एवढाच फरक.

फुटलेल्या नऊंचे तुकडे गोळा करून ठेवलेत. खोक्यांसाठी आता मुद्दाम काही फोडायला नको.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या. एकोणीस घरं येणार, पोरंबाळं धरून अठ्ठावन्न माणसं. शेंगा आल्या, भांबुर्ड्याचा पाला दिराने डोंगराकडून आणला, अंडी आली. मैत्रीण शेवटच्या एसटीने आली, बॅगेत कपडे दोन आणि ब्रश, भिंग, मोजपट्ट्या, पिशव्या बाकी सगळं. आल्या आल्या डबा बघायला मागितला. मी म्हटलं उद्या, सगळ्यांसमोर. तिथे मी चुकले बहुतेक.

१६ फेब्रुवारी, रविवार

रात्रीचे साडेअकरा, पाय दुखतायत, पण आत्ताच लिहिते नाहीतर राहील.

सकाळी आठला रेवदंडा. किल्ल्याची गंमत ही की अर्धं गाव किल्ल्यातच राहतं, तटाला लागून नारळी-पोफळी, कुणाचा गोठा, मध्येच चर्चची भिंत, त्यामुळे शहरातून आलेली पोरं विचारत होती किल्ला कधी लागणार, आणि आम्ही किल्ल्यातच उभे. सातखणी मनोऱ्याखाली थांबलो. सात खण आता उरले नाहीत, पण मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. हा फ्रान्सिस्कन चर्चचा घंटेचा मनोरा. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने इथे बांधकाम सुरू केलं, १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने वेढा घातला आणि किल्ला पडला नाही, शेवटी १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. पलीकडे कुंडलिकेच्या तोंडाशी कोर्लई, तिथे अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, हे सांगितल्यावर एका बाबांनी लगेच मोबाईलवर शोधायला घेतलं, त्यांना मोबाईल ठेवा म्हणायचं राहून गेलं.

पोरांना एकच काम दिलं होतं. जमिनीवर खापर दिसलं तर हात लावायचा नाही, खाली बसायचं, बाजूला मोजपट्टी ठेवायची, फोटो काढायचा आणि वहीत लिहायचं की कशाच्या जवळ. पाऊण तासात एकतीस फोटो. त्यातलं एक खापर म्हणजे आईस्क्रीमच्या कपचं झाकण निघालं. खिसा तपासायची वेळ आली नाही, एक आजोबा सोडून, त्यांनी गुपचूप एक निळा तुकडा रुमालात घेतला होता आणि त्यांच्याच नातीने सगळ्यांदेखत परत ठेवायला लावला, जिथून उचलला तिथेच, तीनदा विचारून.

साडेदहाला टमटममध्ये कोंबून चौल. काका चाकावर, बाजूला रांग. मोठ्या माणसांचीच जास्त हौस निघाली, एक बँकेतले साहेब तीन वेळा रांगेत लागले आणि तिन्ही वेळा त्यांचं मडकं भोवऱ्यासारखं कलंडलं. काका म्हणाले साहेब, तुमी दाबताय, मातीला दाबायचं नाय, नुसतं धरायचं. चाकावर न जमलेल्यांना मैत्रिणीने वळकट्या करून एकावर एक रचायला शिकवलं, आणि मोठं मडकं कसं वाढवतात ते काकांनी दाखवलं, आतून गोल दगड धरायचा, बाहेरून लाकडी थापीने थापटत जायचं, भिंत पातळ होत जाते आणि पोट फुगत जातं. थापीचा ठोका कानाला फार बरा वाटतो. अडतीस नग पडवीत लागले, नावांच्या चिठ्ठ्यांसकट.

क्रेटपाशी बारापर्यंत नुसता गोंधळ. प्रत्येक क्रेटवर सुतळीने चार चौकोन, करणीने हळूहळू खरवडायचं, निघालेली माती चाळणीत, वस्तू दिसली की थांबायचं, थराचं नाव लिहायचं. पहिली दहा मिनिटं सगळे खजिना शोधत होते, नंतर आपोआप कुजबुजीवर आले. मग तीन नंबरच्या क्रेटमध्ये भांडण, तळच्या लाल थरात बोळक्याच्या तुकड्याबरोबर एक रुपयाचं नाणं. माझ्याकडे सगळे बघायला लागले, मी शपथेवर सांगितलं मी नाही ठेवलं. मैत्रीण खुश. तिने खोक्याची कड साफ करून दाखवलं, वरच्या वाळूची एक पांढरी रेघ सरळ खालपर्यंत गेलेली, नळीसारखी. रात्री जाळीखालून कुर्लीने, म्हणजे खेकड्याने, बीळ केलं असणार, आमच्या वाडीत ती असतातच, आणि नाणं त्यातून खाली घरंगळलं. ती म्हणाली थरात जी सगळ्यात नवी वस्तू असेल, त्याच्या आधीचा तो थर असूच शकत नाही, हा नियम, पण आधी बीळ आहे का बघायचं. एक नऊ वर्षांची मुलगी तेवढ्यात म्हणाली मग कुर्लीला पण वहीत लिहायचं का. लिहिलं.

ओठांचा खेळ मला सगळ्यात आवडला. अंगणात रांगोळीने एकात एक गोल काढले होते, दर दोन सेंटिमीटरला एक. मडक्याच्या ओठाचा तुकडा घ्यायचा, कुठल्या गोलावर त्याचा बाक नेमका बसतो ते बघायचं, की कळलं अख्खं तोंड केवढं होतं. आमच्या फुटलेल्या बोळक्यांचे ओठ सहावर आणि आठवर बसले, कुणाचं तरी पातेलं आणून खरंच जुळतं का तेही बघून झालं.

पोपटी दीड वाजता. जुनं मडकं, तळाशी भांबुर्डा, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, केळीच्या पानात बांधलेलं चिकन, खडं मीठ, ओवा, तोंडात पुन्हा गच्च भांबुर्डा, उपडं घालून भोवती झावळ्या आणि पालापाचोळा पेटवायचा, पाण्याचा थेंबही घालायचा नाही. शाकाहारी लोकांचं वेगळं मडकं. अर्ध्या तासाने दिराने वरून पाण्याचा शिपका मारला, चर्र झालं आणि पाणी टिकलं नाही, म्हणजे झालं. वासाने शेजारचे पण आले.

खाऊन झाल्यावर मैत्रिणीने रिकामं मडकं मागून घेतलं आणि मांडीवर घेऊन बसली. बघा म्हणे, काजळी कुठे आहे. बूड काळं, पोट काळं, पण ओठाच्या कडेला काजळी नाही, तिथे जमिनीची माती भाजून चिकटलीये. चुलीवरच्या मडक्याची काजळी अशी नसते. आत एक शेंग करपून चिकटलेली, आणि भिंतीत मुरलेलं तेल, चरबी, जे धुतलं तरी जात नाही आणि लॅबमध्ये हजारो वर्षांनीही सापडू शकतं. म्हणजे हे फुटून पुरलं गेलं तर एखादा हुशार माणूस ओठाच्या तुकड्यावरून ओळखेल की हे लोक मडकं उपडं घालून काहीतरी भाजत होते. का, ते त्याला सुचायचं नाही. मग ती म्हणाली फोडूया का, खरं दाखवते. सासूबाई पदर खोचून उठल्या, चांगलं मडकं फोडायचं? पुढच्या वर्षी पोपटी काय टोपात लावू? मडकं घरात गेलं.

आणि शेवटी डबा. चादरीवर सगळं मांडलं. निळी-पांढरी चिनी, पिरोजी झिलईचे दोन, तांबडे बरेच. आणि एक जाडजूड तुकडा, बाहेरून मळकट पिवळा, आतून डांबर फासल्यासारखा काळा. तो हातात घेतल्यावर मैत्रिणीचा आवाज बदलला. इराण-इराकच्या बाजूने येणारे लांबट रांजण असायचे, कान नाहीत, बूड निमुळतं, आतून नैसर्गिक डांबराचा लेप म्हणजे माल झिरपू नये, टॉर्पेडो म्हणतात त्यांना, आपल्या किनाऱ्यावर असे तुकडे मिळाले की पूर्वी सरसकट रोमन समजायचे, नंतर परत तपासल्यावर कितीतरी हे निघाले. हा तसा असू शकतो, लॅबशिवाय नक्की नाही. मग तिने अगदी सहज विचारलं, हा वाडीत कुठे मिळाला? किती खाली? बाजूला काय होतं?

अठ्ठावन्न माणसं माझ्याकडे बघतायत. सकाळपासून मीच पोरांच्या मागे लागलेय की जागा लिहा, जागा लिहा, आणि माझ्या घरातल्या डब्यात एक चिठ्ठी नाही. नणंदेच्या धाकट्याने मोठ्याने विचारलं, मामी तुम्ही लिहिलं नाही?

नाही लिहिलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हिशोब जुळला, खिशातले सातशे गेले. काकांना पाकीट दिलं, त्यांनी न उघडता टोपीत ठेवलं. क्रेट परत. मांजरं अजून येऊन बघून जातात.

२ मार्च, रविवार

अडतीस नग काकांच्या भट्टीत, यावेळी त्यांनी सांगितल्या दिवशी, दोन आठवडे पूर्ण वाळल्यावर. आधी दोन तास नुसता धूर, मग जाळ. सदतीस आले. फुटलेलं एकच, बँकेतल्या साहेबांचं चौथं. त्यांना फोन केला तर म्हणाले तुकडे टाकू नका, नातवाला जोडायला देतो.

९ मार्च, रविवार

होळीची लाकडं जमा करायला सगळे बाहेर, घरात मी आणि सासूबाई. डबा परत माळ्यावर टाकायला निघाले तर त्या म्हणाल्या कशाला त्या दिवशी गप्प बसलीस, मला विचारायचं. मी म्हटलं तुम्हाला माहितीये? त्या म्हणाल्या खणत ते होते, पण चहा घेऊन मीच जायचे ना.

वही घेऊन बसलो. एकेक तुकडा हातात घेतात, अंगठ्याने पुसतात, थोडा वेळ जातो. पांढरा निळ्या फुलाचा, गोठ्यामागे, नवीन माड लावला तेव्हा, गुडघाभर खाली. बांगडीचे तुकडे विहिरीच्या काठचे, सगळे एकदम मिळाले, धाकटीच्या बारशाच्या आदल्या आठवड्यात. बारसं कधी ते मला माहितीये, म्हणजे साल मिळालं. हा मणी पाटाचा गाळ काढताना, त्याला जागा नाही, पाण्याने कुठूनही आला असेल, असं त्याच म्हणाल्या, मी काही शिकवलं नव्हतं. काळा डांबराचा तुकडा मोटरीचा पाईप टाकायला चर खणला तेव्हाचा, विहिरीपासून घराकडे येताना चौथ्या पोफळीशी, कमरेइतकं खाली, आणि तिथे आणखी होते, हे म्हणाले राहूदे, पाईपाला आडवे येत नाहीत.

मैत्रिणीला लगेच मेसेज टाकला. तिचा उलट फोन आला, चौथ्या पोफळीशी काहीही खणायचं नाही, खतसुद्धा वरून घाला, मी रीतसर कळवायचं बघते. प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नंबर, वहीत सासूबाईंचे शब्द जसेच्या तसे.

तेवीसपर्यंत आलो. चोवीस नंबरचा, पिरोजी झिलईचा, बराच वेळ हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या हा आपल्या वाडीतला नाहीच, हा त्यांनी कुणाच्या वाडीतून उचलून आणला देव जाणे, आणि मला वही मिटायला सांगून दिवाबत्तीला उठल्या.